खारं पाणी हिरवंच असतं

माझं माहेर लोणारच्या बाजूचं. लहानपणी आम्ही पोरी शेळ्यांच्या मागे त्या सरोवराच्या काठापर्यंत उतरून जायचो. पाणी खारट, हाताला साबण लावल्यासारखं बुळबुळीत, आणि जेव्हा बघावं तेव्हा हिरवं. त्यात मासा जगत नाही, हे आम्हाला शाळेत नाव घालायच्या आधीपासून माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या हातून जी चूक झाली ती याच्यामुळे झाली.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि आई त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. मग घर, मग लग्न, आणि लग्नानंतर बडोदं. आमचे हे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आहेत. बडोद्यात मी पहिली दोन वर्षं दारातून बाहेर पडताना तीनदा कुलूप ओढून बघायची. भाषा कळायची नाही, दुकानात काय मागावं सुचायचं नाही. कोणी हाक मारली तरी वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंच आहे.

मग बडोद्यातल्याच अकोट्यात आबांकडे स्वयंपाकाचं काम मिळालं. आबा कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या आजोबांची राजाच्या कचेरीत नोकरी होती, जुनं घर घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीत. ते विकून ही मंडळी विश्वामित्री नदी ओलांडून फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर आली. बायको आधीच गेलेली. मुलगा काही वर्षं घरूनच कॉम्प्युटरवर काम करत होता, तेव्हा त्याने हौसेने हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची टाकी बसवली. मग त्याला परदेशात नोकरी लागली. तो गेला, टाकी राहिली.

जेवणाच्या टेबलाला लागूनच ती टाकी होती. साधारण तीन फूट लांब, आत छिद्राछिद्रांचे दगड, खाली पांढरी वाळू. दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे, कायम एकमेकांना चिकटून. एक निळा, जरा भांडखोर. आणि एक फिकट लांबुळका, जो दिवसभर तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून गाळत बसायचा. त्याला बघून मला गहू चाळणारी माझी आत्या आठवायची. दगडांवर शर्टाच्या बटणाएवढी रंगीत फुलं होती. ती फुलं नाहीत, तेही जीवच आहेत, हे आबांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. उजेड पडला की ती उघडायची.

माशांना सकाळी चिमूटभर दाणे घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण सकाळी मी असायची. पाणी आटलं की आरओचं पाणी घालायचं. मीठ उडून जात नाही, पाणीच उडतं, म्हणून वरून गोडंच घालायचं, हेही आबांनीच शिकवलं. बाकी सगळं महिन्यातून एकदा माशांच्या दुकानातले भाई येऊन करून जायचे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला दगडांवर हिरवी लव आली. मला दिसली. पण मी कोणाला बोलले नाही, कारण मला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. खारं पाणी हिरवंच असतं! उलट मनात म्हटलं, चला, आता हे पाणी जरा खऱ्या खाऱ्या पाण्यासारखं दिसायला लागलं. आबांना मोतीबिंदूमुळे धूसर दिसायचं आणि भाई त्या पावसात दोन महिने आलेच नाहीत.

गौरी-गणपती झाल्यावर भाई आले आणि दारातच थांबले.

"अरे दादा! आ शुं थई गयुं?"

लवेचे तोवर केस झाले होते. बोटभर लांब, हिरवेगार, पाण्याच्या धारेत हलणारे. बटणफुलं त्यांच्याखाली गेली होती. भाईंनी हात घालून एक झुपका उपटला, तो दगडासकट वर आला.

"हे शेवाळ आहे, दादा. आता हे सडणार, पाणी खराब होणार, मासे मरणार. बंध करी दो. मासे मी घेऊन जातो, माझ्या दुकानात जगतील."

आबांनी मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला या वयात कशाला तो व्याप, देऊन टाका. आबा "हं, हं" करत राहिले. फोन ठेवून त्यांनी टाकीच्या काचेवर तळवा टेकवला. ते दोन केशरी मासे लगेच तळव्यापाशी आले, रोज येतात तसे. त्या घरात दिवसातून किती माणसं यायची? मी, कचरावाला, आणि समोरच्या बेन, त्याही वाटी परत द्यायला. दिवसाचे बाकीचे तास आबा त्या माशांशीच बोलायचे, गुजराती पेपरातल्या बातम्यासुद्धा त्यांनाच मराठीत सांगायचे.

"थोडे दिवस द्या," आबा म्हणाले.

भाई भला माणूस. म्हणाले, "ठीक छे. दिवाळीला दुकान बंद होईल. लाभपाचमेला उघडलं की पहिला तुमच्याकडे येतो, डबा नि पिशव्या घेऊन. तोवर साफ झालं तर झालं."

भाई गेल्यावर आबांनी विचारलं, "कधीपासून होतं गं हे?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी सांगितलं की आषाढापासून बघतेय, आणि का बोलले नाही तेही सांगितलं. आमच्याकडचं खारं पाणी असंच असतं, मला वाटलं हेच बरोबर.

आता हाकलतील, असं वाटून मी पदराचं टोक पिळत उभी राहिले. आबा इतके हसले की त्यांना खोकला आला. "म्हणजे तू रोज बघत होतीस! मला तर दिसतच नव्हतं. मग आता तूच बघ. लाभपाचमेपर्यंत टाकी तुझी."

"आबा, मी सातवी शिकलेली."

"शेवाळ कुठे शिकलंय?"

त्यांनी कपाटातून चौकटींची एक वही काढून दिली. रोज काय दिसतं ते लिहायचं. काय वाटतं ते नाही, काय दिसतं ते. आजवर मला कोणी काही सोपवलं होतं ते भांडी, मुलं, नाहीतर आजारी माणूस. वही पहिल्यांदाच. घरी आणून मी ती देवाजवळ ठेवली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता वहीची पूजा करू करू शेवाळ जाणार आहे का?"

पहिले आठ दिवस मी नुसता गोंधळ घातला. जुना दातांचा ब्रश घेऊन दगड खसाखसा घासले. केसांचे बारीक तुकडे पाणीभर पसरले आणि आठवड्यात जिथे शेवाळ नव्हतं तिथेही उगवलं. भाईंना फोन केला तर म्हणाले, "बेन, हे काय कढई आहे का घासायला?" मग त्यांनी नीट सांगितलं. एका हाताने उपटायचं, दुसऱ्या हातात नळी धरायची, उपटलेलं त्याच क्षणी पाण्यासकट बादलीत ओढून घ्यायचं. तेवढं पाणी नवीन मीठ कालवून भरायचं. दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणायचा. फेस काढणारं यंत्र रोज धुवायचं. आणि त्यांनी थेंबांच्या बाटल्या दिल्या. काचनळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाणी निळं झालं की समजायचं शेवाळाला खायला आहे. जितकं निळं तितकं जास्त.

माझं पाणी शाईसारखं निळं यायचं.

मी सगळं केलं. उपटायची, ओढायची, भरायची. दोन दिवस बरं दिसायचं, की पुन्हा लव. आणि निळा रंग काही उतरेना. मला वाटलं, माझ्या हाताला भांड्यांचा साबण राहतो. मग टाकीत हात घालण्याआधी मी आरओच्या पाण्याने कोपरापर्यंत तीनदा हात धुवायला लागले. वाटलं, आरओच खराब असेल, त्याची परीक्षा केली. त्यात निळं काही नाही. दाणे निम्म्यावर आणले. तरी तेच. समोरच्या बेन येताजाता डोकवायच्या. "केम, तमारुं जंगल केवुं छे?" मी हसायची आणि आत जाऊन पोळपाटावर राग काढायची.

वहीत मात्र रोज लिहीत होते. एक गोष्ट वहीत पुन्हा पुन्हा येत होती: "वर तेलकट." दुपारी निघायच्या आधी टाकीत वाकून बघितलं की पाण्यावर एक पातळ साय दिसायची, इंद्रधनुष्यासारखी चमकणारी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फेसाचं यंत्र ती ओढून घ्यायचं. दुपारी पुन्हा. मला वाटलं, समुद्राच्या पाण्याचं असेल काहीतरी. बुळबुळीत पाण्याची मला लहानपणापासून सवय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाकले आणि पाणी स्वच्छ. आरशासारखं. मी लिहिलं, "आज तेल नाही." आणि मला वाटलं हे वाक्य मी आधीही लिहिलंय. पानं मागे उलटली. पितृपक्षात एक दिवस, तेच शब्द. मधल्या सगळ्या दिवशी तेल. मी दोन्ही तारखा घेऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभी राहिले.

दोन्ही दिवशी एकादशी.

एखाद्या शिकलेल्या माणसाला यातून काय कळलं असतं मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की त्या दोन दिवशी मी भात लावला नव्हता. भगर केली होती, दाण्याची आमटी केली होती. आबांच्या ताटात वरणभात नव्हता, त्यावर तूप नव्हतं.

आबा टेबलावर बसून जेवत असले तरी जेवणाची रीत त्यांनी सोडली नव्हती. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या बाजूला तूप-भाताच्या पाच चिमट्या मांडायच्या, मग पहिला घास. ती चित्राहुती. मी पान वाढून आत जायची, कारण फुलके त्यांना तव्यावरून गरम लागायचे. जेवण झाल्यावर ताट उचलायला यायची, तेव्हा त्या चिमट्या नसायच्या. मला वाटायचं, गॅलरीत तुळशीच्या कुंडीत ठेवत असतील.

दुसऱ्या दिवशी मी तव्यावर फुलका टाकला आणि दाराच्या आडून बघत राहिले. आबांनी जेवण संपवलं. हात धुवायच्या आधी त्या पाच चिमट्या बोटांनी गोळा केल्या, उठले, टाकीचं झाकण सरकवलं आणि अगदी हलक्या हाताने, देवाला फूल वाहावं तसं, पाण्यात सोडलं. केशरी जोडीने दोन शितं पकडली आणि थुंकून टाकली. बाकी भात दगडांच्या फटींत उतरला. आबांना दिसत नव्हतं, पण ते ज्या चेहऱ्याने बघत होते तो चेहरा मी त्या घरात दुसऱ्या कशाच्या वेळी बघितला नव्हता.

तव्यावर फुलक्याचा कोळसा झाला.

दोन दिवस मी काही बोलले नाही. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "गप बस. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या ताटावरून बोलायचं नसतं. काम जाईल तुझं. मासे काय तुझे सोयरे आहेत का?" मलाही तेच वाटत होतं. दुसरी वाटही सुचली: भातच लावायचा नाही. तांदळाला किडे लागलेत म्हणायचं, रोज फुलकेच करायचे. पण त्यांनी मला विचारलं होतं, कधीपासून होतं, तेव्हा मी खरं बोलले होते आणि वही मिळाली होती. त्याच वहीच्या आडून आता फसवायचं हे मला जमेना.

तिसऱ्या दिवशी पान वाढलं आणि आत गेले नाही.

"काय गं? फुलका?"

"आबा, चित्राहुती टाकीत जाते का?"

त्यांचा हात ताटावरच थांबला. "जाते. का?"

"शेवाळ ते खातंय, आबा."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, ते वाईटच झालं. हळू आवाजात म्हणाले, "पोळात होतो तेव्हा ओट्यावर ठेवायचो. कावळा यायचा, खार यायची, उरलं ते मुंग्या न्यायच्या. इथे आल्यावर गॅलरीत ठेवलं, तर सोसायटीची नोटीस. कबुतरं येतात, अन्न ठेवू नये. कचऱ्याच्या डब्यात टाकू का मी ते? मग म्हटलं, घरात चार जीव आहेत. त्यांच्या मुखी पडेल."

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मी ताट उचललं तेव्हा पाच चिमट्या तशाच होत्या. त्या दिवशी मला खरंच वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चपला काढत होते तोच आबा म्हणाले, "वही आण."

भिंग घेऊन त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मी उभी. पोळ्यांची कणीक मळायची राहिलेली.

"दोन एकादश्या," ते म्हणाले. "दोनदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. योगायोग असू शकतो."

"हो, आबा."

"हो काय? भांड माझ्याशी. निळ्या रंगाचं काय म्हणणं आहे तुझं?"

मग मी भांडले. आरओचं पाणी तपासलं, त्यात काही नाही, दाणे निम्मे केले, तरी रंग उतरत नाही, म्हणजे तिसरीकडून काहीतरी येतंय. ते येतंय दुपारी. दुपारी घरात आपण दोघंच असतो. मी एवढं बोलल्यावर माझी मलाच भीती वाटली. आबांनी भिंग खाली ठेवलं.

"तर्क बरोबर आहे," ते म्हणाले. "आता करून बघू. चित्राहुतीचं काय करायचं, ते सांग."

तेही मी ठरवून आले होते. सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी लिंबाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी मुंग्यांचं मोठं वारूळ. तिथे नोटीस नाही. रोज जाताना मी ती डबीत घेऊन जाईन आणि तिथे ठेवीन.

"वाटेत खाणार नाहीस ना?" आबा म्हणाले, आणि मला कळलं की राग गेला.

त्या दिवसापासून लाभपाचमेपर्यंत जेमतेम तीन आठवडे होते. रोज उपटणं, ओढणं, भरणं चालूच होतं. दगडाच्या फटींतून नळीने मी इतका कुजका भात काढला की वासामुळे खिडक्या उघडाव्या लागायच्या. पहिल्या आठवड्यात निळा रंग शाईवरून निळीवर आला. दुसऱ्या आठवड्यात आकाशावर. उपटलेल्या जागी लव परत येईना. मी भाईंकडून गोगलगायी मागवल्या, त्या उरलेलं खरवडत काचेवरून फिरायच्या, मागे स्वच्छ पट्टा सोडत. धनत्रयोदशीला सकाळी दिवा लावला आणि एका दगडावर सात बटणफुलं उघडलेली दिसली. मी आबांचा हात धरून त्यांना काचेला नाक लागेल इतकं जवळ नेलं. "मोजा," म्हटलं. त्यांनी मोजली. म्हणाले, "आठ आहेत. एक मागे आहे." मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनी!

लाभपाचमेला भाई आले. नवे कपडे, हातात थर्माकोलचा डबा, पिशव्या, हवेची बाटली. मागोमाग समोरच्या बेन करंज्यांसारख्या घूघऱ्यांची ताटली घेऊन, म्हणजे बघायलाच. भाई टाकीपुढे उभे राहिले आणि डबा त्यांच्या हातातच राहिला. अगदी शेवाळाचा कणही नव्हता असं नाही. मागच्या कोपऱ्यात दोन बोटं हिरवं होतं. पण दगड जांभळट दिसत होते, वाळू पांढरी होती आणि तो फिकट मासा आपला वाळू चाळत होता.

"दादा, कोने बोलाव्यो? त्या टाक्या साफ करणाऱ्या सुरतवाळाने?"

"सुरतवाला कशाला? ही लोणारवाली," आबा म्हणाले.

"शुं वात करो छो! बेन, तुम्ही? शेनाथी थतुं हतुं? कशाने होत होतं?"

मी आबांकडे बघितलं नाही. बेन उभ्या होत्या, उद्या सगळ्या मजल्यांवर गोष्ट झाली असती. म्हटलं, "खाणं जास्त पडत होतं, भाई. माझ्याकडून."

"तिच्याकडून नाही," आबा मागून म्हणाले. "माझ्याकडून. रोज तूप-भात घालत होतो. तिने शोधून काढलं. वहीत आहे सगळं, बघायची असेल तर दाखवतो." आणि त्यांनी खरंच वही आणली. मग मुलाला फोन लावला आणि फोन टाकीकडे नाही, माझ्याकडे धरला. "हिला विचार, टाकी काढायची का ठेवायची."

मी म्हटलं, "ठेवायची."

भाई रिकामा डबा घेऊन उतरले. लिफ्टपाशी वळून म्हणाले, "बेन, करजणला एक पार्टी छे, तेमनी टांकीमां पण जंगल छे. येणार बघायला?" मी गेले. आमचे हे रविवारी मला गाडीवर घेऊन गेले आणि बाहेर बसून राहिले. परत येताना मला विचारत होते, तिथे कोण काय घालत होतं पाण्यात. (तिथे कोणी काही घालत नव्हतं. खिडकीचं ऊन होतं.)

त्या दिवाळीनंतर मी आईला फोनवर सगळं सांगितलं, की खारं पाणी मी काचेसारखं ठेवलंय आणि त्यात मासे आहेत.

"काहून थापा मारतं वं," आई म्हणाली. "खारं पाणी हिरवंच असते. त्यात कुठं मासा जगते?"

मी तिला व्हिडिओवर घेतलं आणि फोन टाकीपुढे धरला. केशरी जोडी लगेच पुढे आली. आई फोनवर वाकली. मग तिने शेजारच्या काकूला हाक मारली, मग तिच्या सुनेला. छोट्याशा चौकटीत तिथले तीन चेहरे दाटीवाटीने दिसायला लागले आणि आई सगळ्यांना सांगत होती, "हे तिनं केलं. आमच्या पोरीनं. बडोद्याले."

आबांचं जेवण झालं होतं. पाच चिमट्या त्यांनी डबीत भरून माझ्या पिशवीपाशी ठेवल्या होत्या. "आईला म्हणावं, मुंग्या वाट बघतायत," ते म्हणाले. मी फोन तसाच चालू ठेवून, आईला जिना दाखवत, खाली लिंबापर्यंत गेले.